निकेल-ॲल्युमिनियम संयुगे: शंभर वर्षांची धातुविद्या

निकेल आणि ॲल्युमिनियम एकत्र वितळवले की केवळ मिश्रधातू मिळत नाही. ठरावीक प्रमाणांत या दोन धातूंची स्वतंत्र संयुगे तयार होतात. साध्या मिश्रधातूत एका धातूचे अणू दुसऱ्याच्या स्फटिकात कुठेही विखुरलेले असतात. संयुगात मात्र प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते. अशा पदार्थांना आंतरधातवीय संयुगे म्हणतात. निकेल-ॲल्युमिनियमच्या जोडीत अशी पाच मुख्य संयुगे आहेत. आधी निकेलचे आणि मग ॲल्युमिनियमचे अणू मोजले, तर त्यांची प्रमाणे एकास तीन, दोनास तीन, एकास एक, पाचास तीन आणि तीनास एक अशी येतात. ॲल्युमिनियम जास्त असलेली पहिली दोन संयुगे उत्प्रेरकांच्या कामी येतात. पाचास-तीन संयुग सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या खालीच टिकते आणि त्याचा स्वतंत्र उपयोग फारसा होत नाही. एकास-एक आणि तीनास-एक या दोन संयुगांवर मात्र विमानांच्या एंजिनांपासून चुंबकांपर्यंत अनेक उद्योग उभे आहेत.

एकास-एक संयुगाची रचना सोपी आहे. घनाच्या आठ कोपऱ्यांवर एका धातूचे अणू आणि मध्यभागी दुसऱ्या धातूचा अणू, अशी ती मांडणी असते. या घनाची बाजू सुमारे ०.२८९ नॅनोमीटर भरते. तीनास-एक संयुगात ॲल्युमिनियमचे अणू कोपऱ्यांवर आणि निकेलचे अणू सहा फलकांच्या मध्यभागी असतात, बाजू ०.३५७ नॅनोमीटर. दोन्ही रचनांत ॲल्युमिनियमच्या प्रत्येक अणूला सर्वांत जवळचे शेजारी निकेलचेच मिळतात. निकेल-ॲल्युमिनियम हा बंध निकेल-निकेल किंवा ॲल्युमिनियम-ॲल्युमिनियम बंधापेक्षा बळकट असल्यामुळे ही मांडणी टिकून राहते. शुद्ध निकेल १४५५ अंशांना आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यांचे एकास-एक संयुग १६०० अंशांच्याही वर वितळते. या संयुगाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ५.९ ग्रॅम, म्हणजे एंजिनांत वापरल्या जाणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूंच्या दोन तृतीयांश, आणि उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता त्या मिश्रधातूंच्या कित्येक पट असते. मात्र ज्या बंधामुळे हे संयुग इतके उष्णतासह होते, त्याच बंधामुळे ते थंड असताना ठिसूळ असते. या संयुगांचा शंभर वर्षांचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. दुसऱ्या धातूच्या पोटात किंवा पाठीवर राहून त्यांनी मोठी कामे केली. स्वतःच्या बळावर उभे राहणे त्यांना फार थोड्या ठिकाणी जमले.

संयुगांचा शोध

दोन धातूंचेही संयुग होऊ शकते, ही कल्पना रुजायला वेळ लागला. १८३९ मध्ये कार्ल कार्स्टन या जर्मन धातुशास्त्रज्ञाला तांबे-जस्ताच्या मिश्रधातूंवर आम्लांचा परिणाम तपासताना दिसले, की दोन्ही धातूंचे अणू समप्रमाणात आले की मिश्रधातूचे वागणे एकाएकी बदलते. त्या प्रमाणापाशी काही वेगळा पदार्थ बनत असावा, याचा हा आरंभीचा पुरावा होता. निकेल-ॲल्युमिनियमबाबत असे प्रयोग करणे तेव्हा अवघडच होते. निकेल हे मूलद्रव्य १७५१ मध्ये स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी ओळखले होते. ॲल्युमिनियम मात्र १८२५ मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्टियन ओर्स्टेड यांनी प्रथम वेगळे केले आणि पुढची साठ वर्षे ते दुर्मीळच राहिले. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी विद्युत विच्छेदनाची पद्धत स्वतंत्रपणे शोधली, तेव्हा कुठे हा धातू प्रयोगशाळांना आणि कारखान्यांना सहज मिळू लागला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात गुस्टाव्ह टामान यांनी धातूंच्या जोड्यांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. त्यांची रीत साधी होती. दोन धातू ठरावीक प्रमाणात नळीत वितळवायचे, रसात तापयुग्म बुडवायचे आणि रस निवत असताना ठरावीक अंतराने तापमान टिपायचे. काही घडत नसेल तर तापमान एकसारखे उतरत जाते. रसातून स्फटिक बाहेर पडू लागले किंवा एका पदार्थाचे दुसऱ्यात रूपांतर होऊ लागले, की उष्णता बाहेर पडते आणि उतार मंदावतो किंवा थांबतो. प्रमाण थोडेथोडे बदलत असे डझनावारी वितळ घेतले आणि थांबण्याचे बिंदू एका आलेखावर मांडले, म्हणजे कोणत्या प्रमाणाला कोणत्या तापमानात कोणता पदार्थ असतो याचा नकाशा तयार होतो. या नकाशाला समतोल आकृती म्हणतात. टामान यांच्याकडे काम करणारे ग्वायर यांनी १९०८ मध्ये ॲल्युमिनियमच्या तांबे, लोखंड, निकेल, कोबाल्ट, शिसे आणि कॅडमियम यांच्याशी होणाऱ्या मिश्रधातूंवरील निबंध प्रसिद्ध केला. निकेल-ॲल्युमिनियम संयुगांचा पद्धतशीर इतिहास तेथून सुरू होतो. या जोडीच्या आकृतीत मध्यभागी एक उंच शिखर दिसते. ते एकास-एक संयुगाच्या वितळबिंदूचे शिखर आहे.

या संयुगाने रसायनशास्त्रासमोर एक प्रश्नही उभा केला. संयुगातील घटकांचे प्रमाण निश्चित असते, हा एकोणिसाव्या शतकाचा पायाभूत नियम. एकास-एक ॲल्युमिनाइड मात्र निकेल ५० टक्क्यांहून काहीसे कमी किंवा बरेच जास्त असले तरी आपली स्फटिकरचना सोडत नाही. रशियात निकोलाय कुर्नाकोव्ह यांनी अशा बदलत्या प्रमाणाच्या संयुगांचा वेगळा वर्ग मानला आणि, संयुगांचे प्रमाण बदलू शकते असे शंभर वर्षांपूर्वी सांगणाऱ्या बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव त्या वर्गाला दिले.

रेनी यांचे निकेल

या संयुगांचा पहिला मोठा उपयोग झाला तो तेलाच्या धंद्यात. अमेरिकेतील टेनेसी राज्यात चॅटनूगा येथे मरे रेनी हे अभियंता सरकीच्या तेलाचे हायड्रोजनीकरण करणाऱ्या कारखान्यात काम करत होते. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून त्याचे घट्ट स्निग्धद्रव्य करायचे, तर निकेलची अतिबारीक पूड उत्प्रेरक म्हणून लागते. पुढे भारतात निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यांतही निकेलचेच उत्प्रेरक वापरले गेले. निकेल जितके बारीक आणि सच्छिद्र, तितकी क्रिया जलद. रेनी यांनी ते बारीक करण्याचा वेगळाच मार्ग काढला. निकेलचे दुसऱ्या एखाद्या पदार्थाशी संयुग करायचे आणि मग तो दुसरा पदार्थ क्षाराने विरघळवून काढून टाकायचा. १९२५ चे त्यांचे पहिले पेटंट निकेल आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचे होते. लगेच ते ॲल्युमिनियमकडे वळले आणि १९२७ मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले.

निकेल आणि ॲल्युमिनियम वजनाने निम्मे-निम्मे घेतले, तर ॲल्युमिनियमचा अणू हलका असल्यामुळे अणूंच्या संख्येत ॲल्युमिनियम दोन तृतीयांशाहून जास्त होते. म्हणून हा रस गोठताना त्यातून मुख्यतः एकास-तीन आणि दोनास-तीन ही संयुगे मिळतात. ठिसूळपणा येथे उपयोगी पडतो, कारण ढेप फोडून तिची पूड करणे सोपे जाते. ही पूड कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावात थोडीथोडी सोडतात. द्राव जोराने फसफसतो, ॲल्युमिनियम सोडियम ॲल्युमिनेटच्या रूपात विरघळते आणि हायड्रोजन बाहेर पडतो. एकास-तीन संयुगातील ॲल्युमिनियम चटकन निघते, दोनास-तीनमधील सावकाश, आणि एकास-एक संयुग मात्र सोड्याला जवळजवळ दाद देत नाही. म्हणूनच वितळीतील प्रमाणाला आणि ती कशी निवते याला महत्त्व असते. मागे उरतो तो निकेलचा करडा, सच्छिद्र सांगाडा. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग १०० चौरस मीटरच्या घरात जातो आणि त्यात हायड्रोजन भरून राहिलेला असतो. ही पूड कोरडी होऊन हवेत आली तर आपोआप पेट घेते, म्हणून ती पाण्याखाली साठवतात.

रेनी यांना हवे होते ते तेलासाठीचे उत्प्रेरक, पण त्याचा पसारा पुढे फार वाढला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात होमर ॲडकिन्स यांनी सेंद्रिय रसायनशास्त्रातील असंख्य क्रियांसाठी ते वापरले. ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल, बेंझीनपासून सायक्लोहेक्झेन आणि नायलॉनसाठी लागणारे डायअमाइन बनवतानाही सांगाडी निकेल वापरले जाते. या उपयोगात संयुग स्वतः शिल्लक राहत नाही. ते मोडल्यावरच त्याचे काम सुरू होते. निकेलचे अणू संयुगात ॲल्युमिनियमशी ठरावीक क्रमाने गुंफलेले असतात म्हणूनच, ॲल्युमिनियम निघून गेल्यावर इतका बारीक सांगाडा मागे राहू शकतो.

चुंबक आणि क्ष-किरण

१९३१ मध्ये जपानमध्ये टोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांची एक मिश्रधातू तयार केली. तिचे चुंबकत्व त्या काळच्या चुंबकी पोलादांपेक्षा कितीतरी चिवट होते. पुढे तिच्यात कोबाल्ट आणि तांबे घालून अल्निको हे चुंबक निघाले आणि ध्वनिक्षेपक, विद्युतमापक, लहान मोटरी यांत ते सर्रास दिसू लागले. हे चुंबक चिवट का, याचे उत्तर त्याच्या अंतर्रचनेत आहे. मिश्रधातू योग्य वेगाने निवत असताना तिच्यात दोन प्रकारचे सूक्ष्म भाग वेगळे होतात. एका भागात लोखंड आणि कोबाल्ट जास्त असते व तो भाग तीव्र चुंबकीय असतो. दुसरा भाग एकास-एक निकेल ॲल्युमिनाइडच्या रचनेचा असतो आणि त्याचे चुंबकत्व क्षीण असते. त्यात रुतलेले लोखंड-कोबाल्टचे लांबट कण एकमेकांपासून अलग राहतात आणि त्यांची चुंबकी दिशा सहजासहजी उलटत नाही.

या मिश्रधातूंकडे पाहण्याचे नवे साधन होते क्ष-किरण. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे ब्रॅडली आणि टेलर यांनी १९३७ मध्ये संपूर्ण निकेल-ॲल्युमिनियम जोडीचा क्ष-किरणांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध केला; पुढच्या वर्षी लोखंडासह तिन्ही धातूंचाही केला. १९३७ च्या निबंधातील एक निरीक्षण पुढे घनपदार्थ भौतिकीच्या पाठ्यपुस्तकांत गेले. ॲल्युमिनियमचा अणू निकेलच्या अणूपेक्षा मोठा असतो. म्हणून एकास-एक संयुगात ॲल्युमिनियम वाढवत नेले तर स्फटिकाचा घन फुगायला हवा. प्रत्यक्षात ५० टक्क्यांच्या पुढे तो आकसू लागला आणि घनताही अपेक्षेपेक्षा झपाट्याने घटली. मोठे अणू घालूनही स्फटिक लहान आणि हलका होत असेल, तर त्याचा अर्थ एकच निघतो: जास्तीचे ॲल्युमिनियम निकेलच्या जागी बसत नाही, निकेलच्या जागा रिकाम्या राहतात. उलट बाजूला, निकेल जास्त झाले तर त्याचे अणू ॲल्युमिनियमच्या जागांवर बसतात. स्फटिकात इतक्या मोठ्या संख्येने रिकाम्या जागा स्थिरपणे राहू शकतात, हे या मोजमापांनी दाखवून दिले. प्रमाण बदलले तरी रचना कशी टिकते, या कुर्नाकोव्ह यांच्या काळातल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातून मिळाले.

झोत एंजिनातील कण

निकेल आणि क्रोमियमची ८०-२० प्रमाणातली मिश्रधातू विजेच्या शेगडीच्या तारांसाठी आधीपासून वापरात होती. १९२९ च्या सुमारास असे आढळले, की तिच्यात थोडे टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम घालून योग्य उष्णतासंस्कार केला तर ती बरीच कठीण होते. या शोधाला खरी गरज मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. १५ मे १९४१ रोजी इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल यांच्या एंजिनावर ब्रिटनचे पहिले झोत विमान उडाले. टर्बाइनची पाती लालबुंद तापून वेगाने फिरतात आणि सततच्या ओढीने हळूहळू लांबत जातात. या लांबण्याला विसर्पण म्हणतात. साधी पोलादे ते सहन करू शकत नव्हती. ब्रिटनमधील माँड निकेल कंपनीने त्याच सुमारास निमोनिक ८० ही मिश्रधातू पुढे आणली. निकेल-क्रोमियममध्ये टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम घालून ती बनवली होती.

ती बळकट का, हे नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसले. उष्णतासंस्काराच्या वेळी निकेलच्या पोटात तीनास-एक ॲल्युमिनाइडचे अतिसूक्ष्म कण उमटतात. धातुशास्त्रज्ञ या कणांना गॅमा प्राइम म्हणतात. निकेलच्या स्फटिकघनाची बाजू ०.३५२ नॅनोमीटर आणि या संयुगाची ०.३५७. इतक्या थोड्या फरकामुळे कणाच्या अणूंच्या ओळी सभोवतालच्या निकेलच्या ओळींशी जवळजवळ अखंड जुळतात. अशा जुळणीमुळे कण उष्णतेत लवकर फुगत नाहीत, एकमेकांत विलीन होत नाहीत आणि हजारो तास आपले काम करत राहतात.

हे काम नेमके काय असते, हे समजण्यासाठी धातू कसा वाकतो ते पाहावे लागते. जड सतरंजी सरकवताना ती अख्खी ओढण्यापेक्षा एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेणे सोपे जाते. धातूच्या स्फटिकातही अणूंचा अख्खा थर एकदम न सरकता स्थानभ्रंश नावाची रेषा पुढे सरकत जाते. निकेलमध्ये हा स्थानभ्रंश सहज फिरतो. तो ॲल्युमिनाइडच्या कणात शिरला तर अणूंची ठरलेली जागा मोडते आणि चुकीचे शेजारी समोरासमोर येतात. ही चूक दुरुस्त करायला मागून दुसरा स्थानभ्रंश यावा लागतो. म्हणून या संयुगात स्थानभ्रंश जोडीनेच चालतात आणि कण त्यांना अडवून धरतात.

यापुढची गोष्ट अधिक नवलाची होती. कोणताही धातू तापला की मऊ होतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत जॅक वेस्टब्रुक यांनी १९५७ मध्ये तीनास-एक ॲल्युमिनाइडची कठीणता वाढत्या तापमानात मोजली, तेव्हा ती घटण्याऐवजी वाढताना दिसली. नंतरच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले, की या संयुगाला वाकवायला लागणारे बल साधारण ७०० ते ८०० अंशांपर्यंत वाढत जाते आणि त्यानंतर उतरते. १९६० मध्ये फ्लिन यांनी आणि १९६२ मध्ये केअर व विल्सडॉर्फ यांनी याचे कारण उलगडले. जोडीने चालणाऱ्या स्थानभ्रंशांपैकी एकाचा काही भाग उष्णतेच्या जोरावर नेहमीच्या प्रतलातून घनाच्या फलकाशी समांतर प्रतलात घसरतो. तेथे त्याला स्थैर्य मिळते, पण पुढे सरकणे जवळजवळ अशक्य होते आणि जोडीच कुलूप लागल्यासारखी अडकते. तापमान वाढेल तशी अशी कुलुपे वाढत जातात. ज्या तापमानात टर्बाइनला सर्वाधिक बळाची गरज असते, नेमक्या त्याच तापमानात हे संयुग अधिक बळकट होते.

यानंतर मिश्रधातूंतील ॲल्युमिनाइडचा वाटा वाढत गेला. प्रॅट अँड व्हिटनी या एंजिन कंपनीत फ्रँक वर्सनायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात पाती एकाच दिशेने गोठवण्याची आणि पुढे अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओतण्याची रीत विकसित केली. १९८२ पासून अशी एकस्फटिक पाती प्रवासी विमानांतही आली. आजच्या अशा पात्याच्या आकारमानाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग गॅमा प्राइमचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली साधारण अर्धा मायक्रोमीटर बाजूचे, कडा गोलसर झालेले चौकोनी ठोकळे ओळीत रचलेले दिसतात आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींत निकेल असते. भारतात हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने हे तंत्र आत्मसात केले असून २०२१ मध्ये तिने हेलिकॉप्टर एंजिनासाठीची ६० एकस्फटिक पाती हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिली.

पात्यावरचा लेप

तापलेल्या पात्याला दुसरा धोका असतो तो हवेचा. निकेलमधील क्रोमियम काही अंशी त्याला गंजण्यापासून वाचवते. पण १००० अंशांच्या पुढे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, म्हणजे ॲल्युमिनाचा पातळ थरच खरे संरक्षण देतो. एकास-एक ॲल्युमिनाइडमध्ये ॲल्युमिनियमचा साठा भरपूर असल्यामुळे हा थर उडाला तरी तो पुन्हा तयार होतो. लोखंडी वस्तूंच्या पृष्ठभागात ॲल्युमिनियम मुरवण्याची रीत जनरल इलेक्ट्रिकमध्ये विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच निघाली होती. झोत एंजिनांच्या काळात ती निकेलच्या पात्यांसाठी वापरली जाऊ लागली.

या पद्धतीत पाती एका पेटीत पुडीच्या मिश्रणात पुरून ठेवतात. मिश्रणात ॲल्युमिनियमची किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पूड, थोडा नवसागर आणि बाकी ॲल्युमिनाची निष्क्रिय पूड असते. ॲल्युमिनामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. पेटी निष्क्रिय किंवा हायड्रोजनच्या वातावरणात ७५० ते १०५० अंशांपर्यंत काही तास तापवतात. नवसागराची वाफ ॲल्युमिनियमशी संयोग पावून ॲल्युमिनियम क्लोराइडे बनतात. ती वायुरूपात पात्यापर्यंत पोचतात, पृष्ठभागावर ॲल्युमिनियम सोडतात आणि क्लोरीन पुन्हा पुडीकडे परतते. पृष्ठभागावर आलेले ॲल्युमिनियम निकेलमध्ये मुरते आणि काही दहा मायक्रोमीटर जाडीचा ॲल्युमिनाइडचा थर तयार होतो. हा थर वरून फासलेला नसून पात्यातूनच उगवलेला असतो, म्हणून तो सहसा सुटत नाही. पुढे त्यात प्लॅटिनम घालून त्याचे आयुष्य वाढवण्यात आले. उष्णता अडवणाऱ्या झिर्कोनियाच्या सिरॅमिक थराखालचे अस्तर म्हणूनही हाच लेप वापरतात. वर्षानुवर्षांच्या वापरात ॲल्युमिनियम खर्ची पडते, एकास-एक संयुगाचे तीनास-एकमध्ये रूपांतर होऊ लागते आणि संरक्षण दुबळे होते. अशा पात्यांवरचा जुना लेप काढून नवा चढवता येतो.

संश्लेषणाच्या नव्या रीती

निकेल आणि ॲल्युमिनियमचा संयोग होताना फार उष्णता बाहेर पडते. एकास-एक संयुगाचा एक मोल तयार होताना सुमारे ११८ किलोजूल, म्हणजे तयार झालेला पदार्थ वितळण्याच्या तापमानापर्यंत नेण्याइतकी. वितळलेल्या निकेलमध्ये ॲल्युमिनियमचे तुकडे टाकले तर रस एकाएकी पांढराशुभ्र तापतो, मुशीचे अस्तर खराब होते आणि ॲल्युमिनियम जळून प्रमाण बिघडते. ही ओतशाळेतील जुनी अडचण होती.

१९६७ मध्ये सोव्हिएत संघात मॉस्कोजवळच्या चेर्नोगोलोव्का येथे अलेक्झांडर मेर्झानोव्ह, इन्ना बोरोविन्स्काया आणि श्किरो यांनी अशाच उष्णतेचा उपयोग करणारी रीत शोधली. दोन पुडी मिसळून दाबून वडी करायची आणि तिचे एक टोक पेटवायचे. क्रियेची उष्णता शेजारच्या थराला पेटवते आणि तप्त रेषा वडीतून स्वतःच पुढे सरकत जाते. निकेल-ॲल्युमिनियमच्या वडीत ॲल्युमिनियम वितळायला लागले की क्रिया भडकते आणि काही सेकंदांत अख्ख्या वडीचे संयुग होते. भट्टीची गरज उरत नाही. मात्र वडी सच्छिद्र निघते, म्हणून घन वस्तू हवी असेल तर ती तप्त असतानाच दाबावी लागते.

दुसरी रीत गोळ्यांच्या चक्कीची. अमेरिकेत जॉन बेंजामिन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती निकेलच्या मिश्रधातूंसाठी विकसित केली होती. पोलादी गोळ्यांच्या माऱ्यात दोन धातूंचे कण चपटे होतात, एकमेकांना चिकटतात, तुटतात आणि पुन्हा चिकटतात. हे तासनतास चालले की न वितळवताही संयुग बनते. खरगपूरच्या आयआयटीत एस. के. पाबी आणि बी. एस. मूर्ती यांनी निकेल-ॲल्युमिनियममध्ये ही क्रिया कशी घडते याचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीने मिळणारे स्फटिककण नॅनोमीटरच्या मापाचे असतात.

तिसरी रीत पातळ थरांची. निकेल आणि ॲल्युमिनियमचे काही दहा नॅनोमीटर जाडीचे शेकडो थर आलटून पालटून चढवले तर धातूची पातळ पन्नी तयार होते. तिला ठिणगी लावली की क्रियेची रेषा सेकंदाला कित्येक मीटर वेगाने धावते. अमेरिकेत टिमथी वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पन्न्या जोडकामासाठी विकसित केल्या. दोन भागांमध्ये झाळ आणि पन्नी ठेवून ती पेटवली तर क्षणभरात झाळ वितळते आणि आजूबाजूचे नाजूक भाग तापतही नाहीत. येथे संयुगापेक्षा त्याच्या निर्मितीची उष्णताच कामाला येते.

स्वतंत्र धातू होण्याचा प्रयत्न

तापमानाबरोबर बळकट होणाऱ्या तीनास-एक संयुगाचीच वस्तू का बनवू नये, हा प्रश्न साहजिक होता. उत्तर निराशाजनक होते. एकाच स्फटिकाचा तुकडा चांगला वाकत असे, पण अनेक स्फटिककणांची पट्टी थोड्या ताणात कणांच्या सीमांवरून तुटत असे. जपानमधील तोहोकू विद्यापीठात कियोशी आओकी आणि ओसामू इझुमी यांनी १९७९ मध्ये दाखवले, की त्यात अत्यल्प बोरॉन घातले तर ते तुटण्याऐवजी ताणले जाते. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत सी. टी. लिऊ आणि सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले. ॲल्युमिनियम २४ अणुटक्क्यांच्या आसपास ठेवून वजनाने ०.१ टक्का बोरॉन घातले, तेव्हा पट्टी मूळ लांबीच्या जवळजवळ निम्म्याने लांबली.

पुढील दशकात या ठिसूळपणाचे आणखी एक कारण सापडले. दोष केवळ धातूच्या आत नव्हता. तो हवेतल्या ओलाव्यातही होता. ताणाखाली उघड्या पडणाऱ्या पृष्ठभागावरील ॲल्युमिनियम पाण्याच्या वाफेतून ऑक्सिजन घेते, सुटा झालेला अणुरूप हायड्रोजन भेगेच्या टोकात शिरतो आणि कणसीमा दुबळी करतो. कोरड्या ऑक्सिजनमध्ये किंवा अतिनिर्वातात तपासले तर बोरॉनशिवायही ते संयुग बऱ्यापैकी ताणले जाते. बोरॉन कणसीमांवर जमते, त्या घट्ट करते आणि हायड्रोजनलाही अडवते. या शोधामुळे संपूर्ण विषयाची दिशा बदलली, कारण लोखंडाच्या ॲल्युमिनाइडांनाही हेच कारण लागू पडले.

ओक रिजमध्ये सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम, तितकेच क्रोमियम, थोडे मॉलिब्डेनम, झिर्कोनियम आणि बोरॉन असलेली ओतीव मिश्रधातू तयार झाली. तिच्या ओतकामासाठी विनोद सिक्का आणि सहकाऱ्यांनी संयोगाच्या उष्णतेच्या जुन्या अडचणीलाच उपाय बनवले. मुशीत निकेल आणि ॲल्युमिनियमचे तुकडे अशा क्रमाने रचायचे, की आधी वितळणारे ॲल्युमिनियम निकेलवर झिरपून त्यांचे एकास-एक संयुग व्हावे आणि त्या उष्णतेने उरलेले निकेल वितळावे. यात वेळ आणि वीज दोन्ही वाचतात आणि प्रमाणही नीट राखता येते. मोटारीच्या भागांच्या कार्बुरीकरण भट्टीतील ताटे आणि पोलादाच्या कारखान्यातील तप्त पत्रा वाहून नेणारे रूळ अशा ठिकाणी ही मिश्रधातू उतरली. कार्बन आणि ऑक्सिजन दोन्हींना ती दाद देत नसल्यामुळे अशा भट्ट्यांत ती नेहमीच्या पोलादांपेक्षा जास्त टिकली.

एकास-एक संयुगाची कथा वेगळी झाली. हलके, उष्णतावाहक आणि उच्च वितळबिंदूचे म्हणून १९८० आणि १९९० च्या दशकांत जनरल इलेक्ट्रिकमध्ये राम दारोलिया आणि नासाच्या क्लीव्हलँड येथील संशोधन केंद्रात रोनाल्ड नोबी व सहकारी यांनी त्याचा कसून अभ्यास केला. अडचण स्फटिकाच्या भूमितीतच होती. अनेक कणांचा धातू न फुटता वाकायचा असेल तर प्रत्येक कणात सरकण्याच्या पाच स्वतंत्र रीती उपलब्ध असाव्या लागतात, ही अट जुनी आणि सर्वमान्य आहे. एकास-एक ॲल्युमिनाइडमध्ये अशा तीनच आहेत. साधारण ४०० अंशांच्या वर विसरणाच्या, म्हणजे अणूंच्या जागा बदलण्याच्या, मदतीने ते वाकते, पण खोलीच्या तापमानात वार झेलण्याची त्याची क्षमता निकेलच्या मिश्रधातूंच्या जवळपासही पोचत नाही. दारोलिया यांनी पाव टक्का लोखंड घालून एकस्फटिकाचे ताणणे एका टक्क्यावरून सहा टक्क्यांपर्यंत नेले, तरी भेग रोखण्याचे बळ पुरेसे वाढले नाही. अखेरीस एंजिनाच्या पात्यांत स्थान मिळवले ते टायटॅनियम ॲल्युमिनाइडने. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ च्या जेनेक्स एंजिनात कमी दाबाच्या टर्बाइनची काही पाती त्याची आहेत.

सध्याची स्थिती

निकेल ॲल्युमिनाइडांचा नंतरचा विकास पुन्हा सूक्ष्म कणांच्याच मार्गाने झाला आहे. विमानांच्या भागांसाठी वापरल्या जाणाऱ्या, १३ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या अगंज पोलादाला बळ देतात ते एकास-एक ॲल्युमिनाइडचे कण. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी अशाच प्रकारच्या कणांवर आधारलेले पोलाद तयार केले. त्यात निकेल, ॲल्युमिनियम आणि काही लोखंड असलेले कण सभोवतालच्या स्फटिकाशी जवळजवळ अचूक जुळतात, त्यामुळे ते फार दाट आणि बारीक राहतात. या पोलादाची ताकद २ गिगापास्कलच्या वर गेली आणि त्याचे ताणणेही टिकून राहिले.

एकंदरीत या संयुगांच्या उपयोगांची विभागणी त्यांच्या रचनेनुसारच झाली आहे. ॲल्युमिनियम जास्त असलेली संयुगे मोडून उत्प्रेरक मिळतो. एकास-एक संयुग लेपात ॲल्युमिनियमचा साठा पुरवते, चुंबकात लोखंडी कणांना अलग ठेवते आणि पोलादात बळ देणारा कण होते. तीनास-एक संयुग टर्बाइनच्या पात्याचा मोठा भाग व्यापते, आणि स्वतंत्र धातू म्हणून फक्त भट्टीच्या सामानात टिकले आहे. ठिसूळपणाचा दोष नाहीसा झालेला नाही. पण कण पुरेसा लहान असेल आणि भोवती वाकणारा धातू असेल, तर तो दोष वस्तूपर्यंत पोचत नाही आणि बळकट बंधाचा लाभ मात्र पुरेपूर मिळतो.